गिळलेली ओळ

अंधांसाठीच्या त्या ग्रंथालयात वाचणाऱ्यांना नावं नव्हती, नंबर होते. नियमच तसा. कॅसेट सुरू झाली की आधी पुस्तकाचं नाव, मग लिहिणाऱ्याचं, मग छापणाऱ्याचं, आणि शेवटी ‘वाचक क्रमांक सात’ एवढं म्हणून कामाला लागायचं. ऐकणाऱ्याने पुस्तक ऐकावं, वाचणाऱ्याच्या चौकशा करत बसू नये, असं नियम करणाऱ्यांचं म्हणणं. पण ज्याचा आवाज महिनोन्‌महिने कानात मुक्कामाला असतो त्याला नुसत्या आकड्याने कोण हाक मारणार? ऐकणाऱ्यांनी आपलं आपण उरकून घेतलं. सात नंबरच्या बाई त्या सातबाई झाल्या, आणि हळूहळू ग्रंथालयातली माणसंही त्यांना तेच म्हणू लागली.

सातबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली. डोक्याला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जुळवून द्यायची. स्वतःचं काही जुळलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न लावून दिलं, आईचं दुखणं काढलं, आणि आई गेल्यावर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या उरल्या. बहीण लांब, दुसऱ्या गावी. रविवारी तिचा फोन. निवृत्तीनंतर काही दिवस तर असे गेले की सकाळी दूधवाल्याशी झालेलं बोलणंच संध्याकाळपर्यंत पुरवून पुरवून आठवायचं. मग एकदा बसची वाट पाहताना समोरच्या दारावर ‘वाचक पाहिजेत’ अशी पाटी दिसली. बस आली आणि गेली. बाई आत गेल्या त्या गेल्याच.

बाई मुसलमान. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, दडवून ठेवून शेवटी पोतडीतून बाहेर काढावं असं त्यात काही नाही. ग्रंथालयात सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. ऐकणाऱ्यांना मात्र माहीत नव्हतं. बाईंची मराठी अशी घासूनपुसून लख्ख, की आवाजावरून गाव सांगता येऊ नये आणि घरही. एक्स्चेंजात तेच तर शिकवलेलं.

वाचनाची खोली म्हणजे कोठीएवढी जागा. भिंतींना जाड कापड, मधे एक टेबल, त्यावर माइक, आणि एका बाजूला काच. काचेपलीकडे टेपवाला बसायचा, आणि त्याच्या शेजारी ‘बोट’. बोट म्हणजे वाचकाचा जोडीदार. वाचणारा आत वाचतो, जोडीदार बाहेर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत घेऊन ओळीओळीवर बोट फिरवत ऐकतो. चूक झाली की पेन्सिलीने काचेवर टकटक. टेपवाला फीत मागे घेतो आणि ओळ परत होते. आज बोट कोण, असं ग्रंथालयात रोज सकाळी विचारलं जायचं. नव्या माणसाला वाटायचं, इथे सगळ्यांना वेड लागलंय.

चुका बऱ्याच प्रकारच्या, पण सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओळ गिळणं. वाचता वाचता डोळा घसरतो, मधली ओळ पोटात जाते आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अर्थ कसाबसा जुळला तर ऐकणाऱ्यालाही लागत नाही. डोळस माणूस चुकला तर मागे जाऊन बघेल. आंधळ्याने कुठे जायचं? म्हणून पुस्तकातलं सगळं वाचायचं. तळटीपा, छापणाऱ्याच्या चुका, चित्राखालचा मजकूर, सगळं. चित्र असेल तर ते सांगायचं. आणि आवाजाने होय म्हणायचं नाही की नाही म्हणायचं नाही. रडण्याच्या जागी रडायचं नाही, शिवी आली तर शिवी सरळ वाचायची. हे शेवटचं बाईंना फार छान जमायचं. कुठल्या तरी कादंबरीतल्या शिव्या त्यांनी एकदा अशा काही शांतपणे वाचल्या, की टेपवाला खुर्चीतून घसरून खाली बसून हसत होता.

त्यांचा नेहमीचा जोडीदार म्हणजे वाचक क्रमांक तीन. हे गृहस्थ पूर्वी कोर्टाच्या दारात उभे राहून नावांचा पुकारा करायचे, म्हणून पुकारे. आवाज असा की माइकची गरजच काय, असं वाटावं. मन मात्र लोण्याचं. पुस्तकात कुणी मेलं की पुकाऱ्यांचा आवाज भरून यायचा आणि बाईंना काचेवर टकटक करावी लागायची.

नकाशेकाका या गोष्टीत आले ते फितीच्या शेपटावरून. पुस्तकाची शेवटची कॅसेट सहसा पूर्ण भरत नाही. जी फीत उरेल तिच्यावर ऐकणाऱ्याने तक्रार असली तर बोलून पाठवावी, असा ग्रंथालयाचा रिवाज होता. बरेच जण नुसते खोकून बंद करायचे. बाईंनी एकदा एक प्रवासवर्णन वाचलं, त्यात एक नकाशा होता. बाईंनी तो नियमाप्रमाणे सांगितला: नदी अशी येते, अशी वळते, इथे डोंगर, इथे गाव. कॅसेट परत आली तेव्हा शेवटी एक म्हातारा आवाज होता. म्हणाला, “बाई, तुमची नदी माझ्या डोक्यात तीन वेळा फिरून आली आणि तिन्ही वेळा डोंगरावर चढली. आधी उत्तर दिशा कुठे ते सांगावं, मग नदी सोडावी.”

बाई खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या. तो आवाज होता एका नकाशे काढणाऱ्याचा. मोजणी खात्यात उभा जन्म गेला, निवृत्त झाले आणि डोळे गेले. आता मुलगा-सून कामावर गेले की घरात ते आणि रेडिओ. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी नकाशेकाकांची शेपटी ठरलेली. आधी पुस्तकाबद्दल दोन शब्द, मग इकडचं तिकडचं. सुनेने खुर्ची हातभर सरकवली आणि सगळं घरच कसं पाहुण्याचं झालं. नळ गळतोय, त्याचा ठेका कसा बिघडलाय. बाईंचा घसा बसलाय असं वाटतं, गरम पाणी घेता की नाही. बाईंच्या घशाची चौकशी आई गेल्यापासून कुणी केली नव्हती.

बाई ती कॅसेट ग्रंथालयात ऐकत नसत. घरी नेत, दिवेलागणीला ताट वाढून घेत, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर टेप ठेवून चालू करत. असं कितीतरी वर्षं चाललं. दोघं कधी भेटले नाहीत. बाई उत्तरही देत नसत, वाचकाने आपलं बोलायचं नाही हा नियम. पण पुढचं पुस्तक वाचताना नकाशा आला की आधी उत्तर सांगत, आणि पलीकडे कुणीतरी खुशीत मान हलवत असेल हे त्यांना माहीत असे. तेवढ्यावर बाईंचं भागत होतं. भागत होतं म्हणजे काय, त्यावरच त्या जगत होत्या.

मग ते पुस्तक आलं.

नकाशेकाकांनी आधी शेपटीवर सांगून ठेवलं होतं. वडलांनी मिसरूड फुटायच्या वयात हातात दिलेलं एक पुस्तक आहे, बाजारात मिळत नाही, माझीच प्रत पाठवतो. माझ्यावर त्याचे फार उपकार आहेत. जाण्याआधी एकदा परत ऐकायचंय, आणि सातबाईंच्याच आवाजात.

पुस्तक पातळसं, खाकी पुठ्ठ्याचं. देश परक्यांच्या ताब्यात होता तेव्हाचं. लिहिणारा तरुण, रक्त तापलेलं. आपलं राष्ट्र म्हणजे नक्की कुणाचं, असा प्रश्न त्याने पहिल्याच पानावर टाकला होता आणि पुढे सगळं पुस्तकभर एकच उत्तर दिलं होतं: हिंदूंचं. या भूमीला जो पूर्वजांची आणि देवांचीही भूमी मानतो तो आपला. बाकीच्यांनी आपल्यात विरघळावं, नाहीतर काही न मागता कोपऱ्यात राहावं. पुढे या पुस्तकावरून इतका काथ्याकूट झाला, की त्याच्या बाजूचे लोकही चारचौघांत त्याला ओळख दाखवेनासे झाले. तेव्हाचं ते तेव्हा, आता ते आमचं म्हणू नका, असं म्हणत त्यांनी ते माळ्यावर टाकलं. उलट्या बाजूच्यांनी मात्र प्रती शोधून शोधून जपल्या, भांडायला लागतात म्हणून. आणि दोन्हीकडून तावातावाने बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते उघडूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

ग्रंथपालांनी उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मागेल त्याला मागेल ते वाचून द्यायचं, पुस्तक पारखायचं आपलं काम नाही, हे त्यांचं नेहमीचं वाक्य त्यांनी म्हटलं खरं, पण लगेच जोडलं, की सातबाई, हे तुम्ही नका वाचू, पुकाऱ्यांना देऊ. बाईंनी पुस्तक हातातून घेतलं. मागितलंय माझ्या आवाजात, म्हणाल्या. बोट म्हणून बसणाऱ्या पुकाऱ्यांसाठी त्याची झेरॉक्स काढली आणि काम सुरू झालं.

सुरुवातीला नकाशा होता. बाईंनी उत्तर कुठे ते सांगितलं. मग पर्वत, मग नद्या, मग तिन्ही बाजूंचं पाणी. बाईंचं गाव नकाशातल्या सीमारेषेच्या चांगलं आत होतं. नंतरची पानं त्या भूमीच्या कौतुकाची, आणि खरं सांगायचं तर ती सुरेख होती. लिहिणाऱ्याला भाषा वश होती. बाईंना ती वाचताना गोड लागली, आणि गोड लागली याचा थोडा रागही आला.

पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा होत्या. तरुणपणीच्या नकाशेकाकांच्या. जिथे आवडलं तिथे खाली रेघ, तीही पट्टी लावून मारलेली, कुठे जरा वाकडी म्हणून नाही. नकाशे काढायचे हे नशिबात तेव्हापासूनच लिहिलेलं असणार. बाईंना त्या रेघा बघून हसू येत होतं. एका मुलाच्या शेजारी बसून त्याचं पुस्तक वाचावं तसं त्यांना वाटत होतं.

पान उलटलं आणि बाहेरच्यांचं प्रकरण आलं. कोण बाहेरचे, त्यांची यादी. बाईंचे लोक पहिलेच. त्यांनी इथे कसं राहायचं ते मधल्या एका ओळीत होतं: इथली हवा-पाणी घ्यावं, पण घर आपलं म्हणू नये. त्या ओळीखाली एक नाही, दोन रेघा होत्या. आणि समासात, नेटक्या तिरप्या अक्षरात, एक शब्द: बरोबर.

बाई वाचणार तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाईंनी वर बघितलं. पुकारे झेरॉक्सवरून डोळे न उचलता बसले होते.

“चूक झाली का?” बाईंनी माइकमधून विचारलं.

“नाही.”

“मग टकटक कशाला?”

पुकारे घुटमळले. म्हणाले, “घसा कोरडा झाला असेल तुमचा. पाणी घ्या. आणि… एखादी ओळ राहिली तर काय बिघडतंय?”

बाईंनी पाणी घेतलं नाही. त्यांनी ते पान वाचलं. शिव्या वाचल्या होत्या तसंच, शांत, सपाट, स्वच्छ. एक अक्षर जड नाही की हलकं नाही. नियमाप्रमाणे टेपवाल्याने फीत मागे नेऊन तो तुकडा ऐकवला, आणि इतक्या वर्षांत बाईंना पहिल्यांदाच आपला आवाज परक्यासारखा ऐकू आला. घर आपलं म्हणू नये, असं तो सांगत होता. इतक्या मऊपणे सांगत होता, की कुणालाही पटावं.  सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आईचा पलंग, खिडकीतली कुंडी, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

टेपवाला म्हणाला, झकास आलंय. त्याचाही दोष नाही, तो फक्त खरखर ऐकतो.

उरलेलं पुस्तक बाईंनी पुढच्या दोन बैठकांत संपवलं, पण त्यांच्या डोक्यात तो समासातला शब्द घर करून बसला होता. पुस्तकाचा त्यांना एवढा राग नव्हता. लिहिणारा कुठला कोण, त्यांची त्याची ओळख नाही. ‘बरोबर’ लिहिणाऱ्याशी ओळख होती. तो समोरच्या खुर्चीवर बसायचा, घशाची चौकशी करायचा. तो हे सगळं सातबाईंशी बोलला होता, आणि सातबाई हा एक नंबर होता. त्या नंबरामागे कोण आहे हे कळल्यावर हा माणूस आपल्याशी बोलेल का? एवढंच बाईंना पाहिजे होतं, आणि ते विचारल्याशिवाय आता ताटावर बसवणार नव्हतं.

शेवटचं वाक्य झालं. टेपवाल्याने खूण केली, फीत उरलीय, बंद करू? बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि माइक जरा जवळ ओढला.

“हे पुस्तक इथे संपलं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. वडलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. ऐकताक्षणी कुणालाही कळावं असं नाव. “आपल्या प्रतीवर मधल्या एका पानावर तुम्ही पेन्सिलीने ‘बरोबर’ लिहिलंय. अजून तसंच वाटतं का, तेवढं कळवा.”

नियम मोडला होता. पुकारे झेरॉक्सची पानं उगाच सारखी करत बसले. टेपवाल्याने कॅसेट डबीत घातली.

मग वाट बघणं सुरू झालं. बाईंनी मधल्या काळात पाककृतींचं एक पुस्तक वाचलं, आणि पुकाऱ्यांनी इतकी टकटक केली की काचेला तडा जाईल असं वाटलं. चिमूटभर मिठाच्या जागी मूठभर मीठ वाचलं जात होतं. लक्ष सगळं पोस्टाच्या पिशवीकडे. रोज ती रिकामी व्हायची आणि बाई आपण त्या गावच्याच नाही असं दाखवत चहा प्यायला जायच्या.

डबी आली ती एका साध्या मंगळवारी. बाईंनी ती पिशवीत घातली, घरी आल्या, ताट वाढलं, खुर्चीवर टेप ठेवला. फीत पुढे नेली. आधी त्यांचंच नाव आलं, त्यांच्याच आवाजात. मग बराच वेळ नुसती खोली ऐकू येत होती. नळ अजून गळत होता.

“सातबाई,” नकाशेकाका म्हणाले. “नाव सांगितलंत, पण तोंडात हेच बसलंय. माफ करा. पुस्तक छान चाललं होतं हो. नकाशा तर असा सांगितलात की बोट फिरवावं. सगळं संपलं आणि मग तुमचं नाव ऐकलं. मी ते पान मागे जाऊन परत ऐकलं. नंतर पुन्हा ऐकलं. तुमच्या आवाजात ते ऐकवत नाही. त्यात तुमचा काही दोष नाही. पण वडलांनी दिलेलं पुस्तक आहे, मला ते आठवतं तसं ऐकायचंय. तेव्हा ग्रंथालयाला सांगून ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं. तीन नंबरचे गृहस्थ चालतील.” पुन्हा नळ. “हवा गार झालीय. घसा जपा.”

फीत खर्र करत संपली. विचारलेल्या प्रश्नाला हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. माणसाने पुस्तक ठेवलं होतं आणि आवाज बदलून मागितला होता. बाई ताटासमोर बसून राहिल्या. त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त एकटं वाटलं. आई गेली त्या दिवशीसुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण त्या दिवशी घरात माणसं होती. शिवी दिली असती तर बरं, निदान भांडता आलं असतं. घसा जपा म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं?

रविवारी बहिणीचा फोन आला. मोठीचा आवाज बदललेला तिला लगेच कळतो. खोदून खोदून विचारलं तेव्हा बाईंनी सगळं सांगितलं. 

“आपा, तू नाव सांगायला कशाला गेलीस? इतकी वर्षं नीट चाललं होतं ना तुझं?”

“नीट चाललं होतं ते सातबाईचं,” बाई म्हणाल्या. “माझं कुठे?”

नकाशेकाकांची मागणी ग्रंथपालांपर्यंत गेली, कारण बाईंनीच ती पोचवली. ग्रंथपालांनी ते पुस्तक पुकाऱ्यांना दिलं. पुकारे नको नको म्हणत होते. माझा आवाज जाडा, माझं जोडाक्षर अडखळतं, माझा चष्मा बदलायचाय, अशी सगळी कारणं त्यांनी सांगून पाहिली, पण ऐकणाऱ्याने नंबर सांगून मागितलं की इलाज नसतो. राहिला प्रश्न बोटाचा. बाईंच्या ऐवजी दुसरं कुणी बसवतो, असं ग्रंथपाल म्हणाले. बाईंनी झेरॉक्स हातात घेतली.

“वाचायला मी चालत नाही,” म्हणाल्या, “ऐकायला तरी चालेन ना?”

 ग्रंथपाल खिडकी बंद करायला गेले, ती बंदच होती.

तर पुकारे आत आणि बाई बाहेर. पुकाऱ्यांनी पहिल्यांदा नकाशाच उलटा सांगितला, आणि बाईंनी टकटक करून उत्तर कुठे ते आधी सांगायला लावलं. मग गाडी रुळावर आली. पर्वत गेले, नद्या गेल्या. पुकाऱ्यांच्या घसघशीत आवाजात ती भूमी आणखीच मोठी वाटत होती. बाईंचं बोट ओळीवरून ओळीवर चाललं होतं. झेरॉक्समध्ये पेन्सिलीच्या रेघा फिक्या उमटल्या होत्या, पण उमटल्या होत्या.

ते पान आलं. पुकाऱ्यांनी यादी वाचली. मग श्वास घेतला आणि एकदम पुढच्या परिच्छेदावर गेले.

ओळ गिळली होती.

बाईंचं बोट त्या दोन रेघांवरच थांबलं. टेपवाल्याने काही ओळखलं नाही. वाक्याला वाक्य जुळलं होतं, खरखर नव्हती, त्याच्या लेखी सगळं ठीक. बाईंनी पेन्सिल उचलली आणि ती हातातच राहिली. त्यांना एक गोष्ट लख्ख दिसली. आता आपण गप्प राहिलो तर नकाशेकाकांना जसं पाहिजे तसं पुस्तक मिळेल. पर्वत असतील, नद्या असतील, वडील असतील, आणि ती ओळ नसेल. पहिली कॅसेट तर परत आलेली; काही दिवसांनी त्यांना वाटेल, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं होतं. ज्यावर बरोबर लिहिलं असं ती बाई म्हणत होती ते इतकं काही वाईट नव्हतं. मग कुणास ठाऊक, एखाद्या शेपटीवर पुन्हा तो आवाज येईल. सातबाई, पुढचं पुस्तक तुम्हीच वाचा. समोरची खुर्ची पुन्हा भरेल. एवढंच तर त्यांना हवं होतं, आणि त्यासाठी काही करायचंही नव्हतं. नुसती पेन्सिल खाली ठेवायची होती.

पुकारे वाचत होते, पण अडखळत. अर्धं लक्ष काचेकडे.

बाईंनी टकटक केली.

पुकारे थांबले. फीत थांबली. बाईंनी टेपवाल्याच्या माइकचं बटण दाबलं.

“ओळ गेली,” त्या म्हणाल्या.

“गेली नाही, बाई. सोडली.” पुकाऱ्यांचा कोर्टातला आवाज कुठल्या कुठे गेला होता. “मुद्दाम सोडली. तुमच्यासमोर कशी वाचू?”

“माझ्यासमोरच वाचा. त्यांनी तिच्याखाली दोन रेघा मारल्यात. ती त्यांना ऐकू आली पाहिजे.”

“ते परत तुमच्याकडे येतील, बाई, हे राहू दिलंत तर. मला वाटलं…”

“सातबाईंकडे येतील,” बाई म्हणाल्या. “वाचा.”

टेपवाल्याने फीत मागे घेतली. पुकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि ओळ वाचली. हवा-पाणी घ्यावं, पण घर… आणि तिथे त्यांचा आवाज भरून आला. कुणी मेल्यावर यायचा तसा.

बाईंनी पुन्हा टकटक केली.

“आवाज हलला,” त्या म्हणाल्या. “सरळ वाचा.”

पुकाऱ्यांनी एकदा काचेतून त्यांच्याकडे बघितलं. बाईंचे डोळे कागदावर होते आणि बोट ओळीच्या सुरुवातीला. तिसऱ्या खेपेला ओळ आली ती स्वच्छ, सपाट, एक अक्षर जड नाही की हलकं नाही. टेपवाल्याने अंगठा वर केला.

बाईंनी मान हलवली आणि बोट एक ओळ खाली घेतलं.